रिम ब्रेक उशिरा सुटतोय: नुसती सफाई करू, तेल बदलू, पाणी भरू की सिलिंडरच नवा टाकू?

मागच्या चाकावर हॉप मारताना ब्रेक पकडायचा, सोडायचा, त्याच क्षणाला पेडल किक द्यायची आणि परत पकडायचा, एवढंच तर ट्रायल्स (पाय न टेकता सायकलने अडथळे पार करायचा खेळ) आहे, आणि त्यात लिव्हर सोडल्यावर पॅड अर्धा सेकंद जरी रिमला चिकटून राहिलं तरी किकचा सगळा जोर ब्रेकच खाऊन टाकतो, चाक पुढे सरकतच नाही. मागुरा एचएस ३३ किंवा त्याच धाटणीचा कुठलाही हायड्रॉलिक रिम ब्रेक (लिव्हर दाबला की द्रवाच्या दाबाने सिलिंडरमधला पिस्टन पॅडला रिमवर ढकलतो) असेल तर हे कधी ना कधी होतंच. मग चार सल्ले मिळतात: साफ कर, तेल बदल, पाणी भर, सिलिंडर बदल. चारही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या दुखण्यांवर.

म्हणून सिरिंज हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. लिव्हर सावकाश दाबून पटकन सोडा आणि नजर पॅडवर ठेवा, लिव्हरवर नाही. दोन्ही पॅड सारखेच रेंगाळत परत येतायत आणि लिव्हरही आळसावल्यासारखा बाहेर येतोय, तर भानगड दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे आतल्या द्रवात, होजमध्ये (द्रवाच्या नळीत) किंवा लिव्हरच्या पिस्टनमध्ये. एकच पॅड मागे राहतंय तर त्याच बाजूचा सिलिंडर किंवा त्याला धरून ठेवणारा क्लॅम्प. आणि दोन्ही पटकन सुटतायत पण एक मुळातच रिमला घासतंय, तर ब्रेक ठीक आहे, चाक आउट (वाकडं) आहे किंवा लिव्हरवरचं पॅड ॲडजस्टरचं चाक जास्त आत फिरवलंय. हे तिसरं वाटतं त्यापेक्षा बरंच कॉमन आहे, आणि लोक उगाच ब्लीड करत (आतली हवा काढून द्रव भरत) बसतात.

क्लॅम्प आणि सफाई

एकच बाजू अडकत असेल तर आधी हेच, कारण याला काही लागत नाही. सिलिंडर क्लॅम्पमध्ये गच्च आवळला की किंचित लंबगोल होतो आणि आतला पिस्टन घासायला लागतो, रिटर्न स्प्रिंग बिचारी तेवढी दमदार नसते. मी स्वतः दोनदा ब्लीड केलं, तिसऱ्यांदा सगळा पसारा मांडून बसलो होतो आणि सहज म्हणून क्लॅम्पचा बोल्ट पाव फेरा सैल केला तर पॅड टक्कन मागे. इतका आवळला का होता, तर जोरात ब्रेक मारला की सिलिंडर क्लॅम्पमधून मागे सरकायचा. आणि सरकायचा का, तर क्लॅम्पच्या आत आधीच्याच ब्लीडचं तेल सांडलेलं होतं! आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसलं, मग कमी आवळूनसुद्धा पकड बसली.

ही टेस्ट करताना लिव्हर अगदी हलका दाबायचा, जोर लावला तर सैल सिलिंडर बाहेर ढकलला जातो, आणि बोल्ट परत नीट आवळल्याशिवाय बाइकवर बसायचं नाही. चाक काढलेलं असेल तर दोन पॅडच्या मधे रिमच्या रुंदीचा लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर पिस्टन बाहेर येईल आणि मग ब्लीड करावंच लागेल.

दुसरं म्हणजे घाण. रिम ग्राइंड केलेली (पकडीसाठी खरवडलेली) असेल तर ॲल्युमिनियमची बारीक पूड पॅडच्या भुशात मिसळून पिस्टनच्या कडेला काळपट राखाडी लगदा साचतो. पॅड काढा, पिस्टन थोडासाच बाहेर आणा, इअरबडला अल्कोहोल लावून गोल पुसा, मिनरल ऑइलचा एक थेंब लावा, अंगठ्याने आत दाबा, असं चार-पाच वेळा. अंगठ्याखाली खरखर लागायची थांबली की झालं. सगळं करून परत बसवताना पॅड रिमवर सपाट टेकतंय ना ते बघा, तिरकं टेकलं तर पिस्टनवर आडवा दाब येतो आणि तो पुन्हा अडकतो.

तेल की पाणी

दोन्ही पॅड सारखेच आळशी असतील तर खरा प्रश्न इथे आहे. मागुरा कंपनी स्वतःचं निळं मिनरल ऑइल, रॉयल ब्लड, तेवढंच वापरा म्हणते. ट्रायल्सवाले मात्र वर्षानुवर्षं पाणी भरतायत, आणि कारण साधं आहे: बारीक होजमधून द्रव परत ढकलायचं काम त्या छोट्या स्प्रिंगांचं, द्रव जितका पातळ तितकं ते पटकन होतं. फरक मागच्या ब्रेकला जास्त कळतो कारण होज लांब असते. थंडीत तर तेल अजून घट्ट होतं, सकाळी रेंगाळणारा ब्रेक दुपारी ठीक चालत असेल तर समजून जा की तेलाचाच मामला आहे.

पण पाण्याचे नखरे आहेत. गोठलं तर साधारण ९ टक्के फुगतं आणि काहीतरी फोडतं, आतल्या धातूला गंज चढवतं, सीलला तेलासारखं वंगण देत नाही. म्हणून नळाचं नाही, डिस्टिल्ड वॉटर, आणि त्यात गाडीचं अँटिफ्रीझ कूलंट, ज्यात गंज रोखणारी रसायनं असतात. मी एक भाग कूलंट, दोन भाग पाणी ठेवतो. कडाक्याची थंडी असेल तर निम्मं-निम्मं, पण कूलंटमधलं ग्लायकॉल वाढवलं की द्रव परत घट्ट होतो, मग कशासाठी एवढा खटाटोप केला! (कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा.)

तेलावरून पाण्यावर जाताना जुनं तेल पूर्ण धुऊन काढा, दोन्ही मिसळले तर आत पांढरट दुधाळ काला होतो. ब्लीड करताना ॲडजस्टर पूर्ण बाहेर फिरवलेला पाहिजे, लिव्हर सगळ्यात उंच. पाणी असेल तर आख्खा ब्रेक बादलीत बुडवून पंप करता येतो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, आणि ब्लीडचा स्क्रू पाण्याखालीच बंद करायचा. तेलाच्या चिकट पसाऱ्यापेक्षा मला हे शंभर वेळा बरं वाटतं. डॉट फ्लुइड (गाड्यांचं ब्रेक ऑइल) मात्र चुकूनही नको, यातले सील फुगून वाट लागते. आणि पाण्याची ही युक्ती डिस्क ब्रेकवर करू नका, तिथे कॅलिपर इतका तापतो की पाणी उकळू शकतं.

थोडक्यात, रोज सराव करणारा असाल, दर काही महिन्यांनी ब्लीड करायची तयारी असेल तर पाणी. बाइक महिनोन्महिने कोपऱ्यात उभी राहणार असेल किंवा ब्रेक अजून वॉरंटीत असेल तर तेलच, आणि होजची अनावश्यक वळणं कमी करून बघा, कुठे मुडपलीय का तेही.

नवा सिलिंडर

हा शेवटचा. साफ केलं, क्लॅम्प सैल करून बघितला, द्रव बदलला, तरी तीच एक बाजू अडकतेय, किंवा पिस्टनच्या कडेने ओल दिसतेय, तर सील गेलाय किंवा स्प्रिंग मेलीय, आणि बहुतेक वेळा आख्खा सिलिंडरच बदलावा लागतो. दोन्ही बाजू एकाच वयाच्या असतील तर मी जोडीच बदलतो, नाहीतर नवी बाजू टक्कन सुटते, जुनी मागून येते आणि परत तेच रडगाणं. लिव्हर ज्यावर फिरतो तो पिव्हट बोल्ट मात्र सिलिंडर मागवायच्या आधीच तपासा, तो जास्त आवळलेला असला तरी लिव्हर असाच जड परत येतो.