वेस्टा : फुकटचं सॉफ्टवेअर, पण लय कामाचं

एमएस्सीच्या पोट्ट्यांना इंटरमेटॅलिक (धातू-धातूंचे ठराविक प्रमाणातले कंपाउंड) शिकवायचं म्हणजे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात खडू आणि फळा, अन् २४ अणूंचा सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा ठोकळा) फळ्यावर काढता काढता तास संपून जाते. गोळ्या-काड्यांचा किट आहे कपाटात, पण त्यात मीठ अन् हिरा बनते, त्याच्या पुढं गोळ्याच पुरत नाही. म्हणून सध्या वेस्टा वापरून राहिलो, क्रिस्टलमधले अणू कॉम्प्युटरवर थ्रीडीत दाखवणारं सॉफ्टवेअर. ज्याला रेअर अर्थ (सेरियम, गॅडोलिनियमसारखे धातू) आणि ट्रान्झिशन मेटलवाले (आयर्न, क्रोमियमसारखे) ॲल्युमिनियमचे स्ट्रक्चर पाहायचे असतील त्यानं बाकी काही विकत घ्यायच्या आधी हे उतरवून घ्या भाऊ.

जपानच्या कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी यांनी बनवलेलं आहे, शिक्षण-संशोधनासाठी फुकट. झिप उघडा अन् चालवा, बस. स्ट्रक्चरच्या सीआयएफ फाइली (कोणता अणू कुठं बसते ते लिहिलेल्या) क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर मिळते, तेही फुकट. एकदा फाइल उतरवली की नेट लागत नाही, आणि आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जाते त्यामुळं ही गोष्ट किती मोठी आहे ते इकडच्यालाच समजते.

आता खरी गंमत. गॅडोलिनियम एकाला ॲल्युमिनियम दोन, हे क्युबिक लाव्हेस फेज (एकास दोन प्रमाणातली घट्ट रचना), मॅग्नेशियम-कॉपर-टू टाइपचं. फाइल उघडली की पोट्टे विचारते, सर, नुसत्या गोळ्याच दिसून राहिल्या, बॉन्ड काऊन नाही? असे कंपाउंड असले की बऱ्याचदा बॉन्ड आपल्यालाच सांगावे लागते, एडिटमध्ये जाऊन बॉन्ड्स. गॅडोलिनियम-ॲल्युमिनियमची लिमिट (किती अंतरापर्यंत काडी जोडायची ते) ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) टाकली तर काहीच होत नाही, ३.४ केली की एका गॅडोलिनियमला एकदम १२ ॲल्युमिनियम लागते, आणि गॅडोलिनियम-गॅडोलिनियमला ३.५ दिलं की आणखी ४, म्हणजे शेजारी झाले १६. इथं पोट्ट्यांना थांबवून सांगावं लागते की बाबा ही काडी म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी नाही, हे फक्त अंतर आहे, धातूत असंच राहते. मग डावीकडं ॲल्युमिनियमची टिक काढून टाका, उरलेले गॅडोलिनियम डिट्टो हिऱ्यातल्या कार्बनसारखे बसलेले दिसते. फळ्यावर हे जन्मात दाखवता आलं नसतं.

काड्यांपेक्षा मला पॉलिहेड्रावाला मोड (अणूचे शेजारी जोडून त्याच्याभोवती ठोकळा दाखवणारा) जास्त आवडते. सेरियम-क्रोमियम-टू-ॲल्युमिनियम-ट्वेंटी टाइपच्या सेलमध्ये १८४ अणू आहे, काड्या लावल्या तर नुसता गुंता. पॉलिहेड्रा लावला की रेअर अर्थभोवती १६ ॲल्युमिनियमचा पिंजरा मोकळा दिसते, ट्रान्झिशन मेटलभोवती १२ चा, आणि दोन रेअर अर्थमध्ये ६ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त अंतर आहे हे दोन अणूंवर क्लिक करून मोजता येते. याच टाइपच्या प्रासिओडिमियम-टायटॅनियमवाल्यात ०.२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी (विजेला अजिबात विरोध नसणं) सापडली आहे, म्हणजे पोट्ट्यांना वाटते तसं हे नुसतं परीक्षेपुरतं नाही.

मिक्स साइटही (एकाच प्रकारच्या जागेवर दोन तऱ्हेचे अणू) मस्त दाखवते. थोरियम-मँगनीज-ट्वेल्व टाइपमध्ये आयर्न ४ अन् ॲल्युमिनियम ८ असलं तर आयर्न ८एफ साइटवर बसते (८एफ, ८जे ही स्ट्रक्चरमधल्या जागांची नावं). आयर्न ५ केलं की वाढीव आयर्न ८जे वर ॲल्युमिनियमच्या जागी घुसते, आणि फाइलमध्ये तसं लिहिलं असलं तर त्या साइटची गोळी चतकोर भाकरीएवढी आयर्नच्या रंगाची, बाकी ॲल्युमिनियमची. ऑक्युपन्सी (त्या जागेत त्या अणूचा हिस्सा) ०.२५ म्हणजे काय हे मग वेगळं सांगायची गरजच नाही पडत.

पावडर एक्सआरडीचा (पावडरवर एक्स-रे टाकला की येणारा) पॅटर्नही काढून देते, नागपूरहून सॅम्पल करून आणलं की शेजारी ठेवून पाहता येते.

आता जे पटत नाही ते. फोनवर चालत नाही, आणि आमच्या अर्ध्या पोट्ट्यांजवळ फोनच आहे, लॅपटॉप नाही. मेनू सगळा इंग्रजीत, अन् बटणं बारीक. जुन्या लॅपटॉपवर बाउंड्री वाढवून दोन-दोन, तीन-तीन सेल दाखवायला गेलं की फिरवताना अडकते, एकच सेल ठेवा. मी पीएनजी काढून ग्रुपवर टाकून देतो, पांढऱ्या बॅकग्राउंडवर काढा म्हणजे झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढली तरी गोळ्या वेगळ्या ओळखू येते.