कोलिन्स्की, खार आणि नायलॉन: आठ महिन्यांच्या वापरानंतर, एका खुळखुळणाऱ्या ब्रशच्या निमित्ताने

मेणवलीच्या घाटावर बसून आकाशाचा पहिला हात देऊन झाला होता, वाड्याच्या भिंतीची सावली कागद ओला असतानाच ओढायची होती आणि नेमक्या त्या वेळी माझ्या जलरंगाच्या आठ नंबरच्या कोलिन्स्की, म्हणजे नैसर्गिक केसांच्या, ब्रशचा दांडा बोटांत फिरला, केस मात्र जागचे हलले नाहीत. चार हजारांच्या घरात पैसे मोजून घेतलेला ब्रश आठ महिन्यांत फेरूलपाशी, म्हणजे केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीपाशी, खुळखुळू लागावा याचा मला इतका संताप आला की सावली वाळून तिची कडा कायमची उमटली तरी मी ब्रशच उलटसुलट करून पाहत होतो. हा मजकूर त्या संतापातच लिहायला घेतला होता. मध्ये मत बदलावे लागले, ते ओघाने येईलच.

गेल्या जून महिन्यात मी चार ब्रश घेतले होते: कोलिन्स्कीचा राउंड (गोल, टोकदार) आठ, खारीच्या केसांचा मॉप (जाड, मऊ, गोल), पाऊण इंची सिंथेटिक, म्हणजे नायलॉनच्या केसांचा, फ्लॅट (चपटा) आणि दुकानदाराने ‘असू द्या जोडीला’ म्हणत गळ्यात मारलेला सिंथेटिक राउंड आठ, जो दोनशे रुपयांच्या आतला होता. दोन्ही आठ नंबर शेजारी धरले तेव्हा सिंथेटिकचे पोट स्पष्टपणे बारीक दिसले. नंबरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच माप नाही, त्यामुळे नुसता नंबर सांगून घरबसल्या ब्रश मागवणाऱ्याची फसगत ठरलेली. केसांची लांबी आणि फेरूलपाशी असलेली जाडी मिलिमीटरमध्ये दिली असेल तरच तुलना करता येते.

जलरंगात केसांची पारख मऊपणावरून न करता पाण्यावरून करावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ब्रश किती पाणी पितो, ते किती सावकाश सोडतो आणि दाब काढल्यावर टोक पुन्हा सरळ उभे राहते का, एवढे पाहावे. ‘सेबल’ या दुसऱ्याच प्राण्याच्या नावाने विकला जाणारा कोलिन्स्की प्रत्यक्षात सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो (‘कॅमल हेअर’मध्ये उंटाचा केस नसतो, तशातलीच ही गोष्ट), आणि या तिन्ही परीक्षांत तो उत्तम उतरतो. ११ बाय १५ इंचांच्या, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदावर वाड्याची अख्खी भिंत मी एकदा भरलेल्या ब्रशने खाली आणू शकतो आणि त्याच ओल्या टोकाने खिडकीचे गजही ओढू शकतो. खारीचा मॉप पाणी याहूनही जास्त पितो, पण एकदा दाबला की वाकलेलाच राहतो, त्यामुळे आकाश आणि लांबवरचे डोंगर झाले की तो बाजूला ठेवावा लागतो. नायलॉनचा केस गुळगुळीत असतो. त्यात पाणी ठरत नाही, कागदाला टेकताक्षणी निम्मे सांडून तो मोकळा होतो आणि पुढच्या चार इंचांत कोरडा पडतो.

इतके कौतुक करून घेतलेला ब्रश सैल झाल्यावर मी तडक दुकान गाठले. ‘ब्रशला कसली गॅरंटी, साहेब? वापराल तसा टिकेल,’ हे उत्तर मिळाले. बिल होते, मूळ पुठ्ठ्याची नळी होती, आवाजही थोडा चढला होता. उपयोग काही झाला नाही. घरी येऊन रागाने दांडा ओढला, तर तो अलगद हातात आला. फेरूलच्या आत असणारे लाकडाचे टोक काळे पडले होते, रंगाचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटत होता आणि बोट लावले तर ओल जाणवत होती.

तेव्हा लक्षात आले. मी प्रत्येक वेळी हा ब्रश प्रेमाने धुऊन, टोकाला आकार देऊन, मगमध्ये केस वर करून उभा ठेवत होतो. केसांतले पाणी उतरून फेरूलमध्ये जात होते. पावसाळाभर लाकूड फुगत राहिले, थंडीत ते वाळून आकसले आणि नळीची पकड गेली. दोनशे रुपयांच्या आतल्या सिंथेटिकची कुणाला पर्वा नव्हती, तो धुऊन जुन्या पंचावर आडवा टाकला जात असे. त्याचे फेरूल आजही घट्ट आहे. आता ही चूक माझीच, हे मी मान्य करतो. तरीही एवढी किंमत घेणाऱ्याने लाकडाच्या त्या टोकाला वॉर्निशचा एक हात द्यायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न कायम आहे.

दांडा आठवडाभर वाळवला, टोक पॉलिश पेपरने घासले, दोन ट्यूबचे अराल्डाइट कालवून बसवला आणि एक दिवस हात लावला नाही. या दिवसांत नाइलाजाने सिंथेटिक वापरला आणि त्याच्याविषयीचे मतही थोडे बदलले. वाळलेला रंग ओल्या टोकाने घासून उचलायचा असेल तर नायलॉनचा ताठपणाच कामाला येतो. कोलिन्स्की त्या कामाला लावणे म्हणजे पैठणीने फरशी पुसणे. मास्किंग फ्लुइडला (कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणाऱ्या द्रवाला) आणि ॲक्रिलिकलाही मी आता फक्त सिंथेटिकच वापरतो, कारण नैसर्गिक केसांच्या मुळाशी ॲक्रिलिक एकदा वाळले की ब्रश संपला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांच्या पालकांनीही पोस्टर कलरसाठी याहून महाग काही घेऊ नये. दोष एकच, चार महिन्यांत टोकाला हुकासारखा बाक येतो. गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ केला की तो जातो, पण काही दिवसांनी परत येतो.

ब्रशच्या आकाराकडे मात्र मी उगाच दुर्लक्ष करत होतो. घाटाच्या पायऱ्या राउंडने काढताना प्रत्येक कडा दोनदा गिरवावी लागे. पाऊण इंची फ्लॅट कडेवर धरला की एका फटकाऱ्यात एक पायरी होते. सरळ रेषांच्या विषयाला स्वस्त फ्लॅट महागड्या राउंडपेक्षा सरस ठरला, हे आधी उमगले असते तर कदाचित चार हजार वाचले असते. फांद्यांसाठी लांब, बारीक केसांचा रिगर हवा, आणि रिगरला सिंथेटिक पुरेसा आहे.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगतो. ‘जुना माल आहे’ म्हणत कुणी पट्टेदार केसांचा ब्रश दाखवला, टोक गडद आणि मध्ये फिकट पट्टा, तर तो बहुधा मुंगसाच्या केसांचा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या मोहिमेत उत्तर प्रदेशातील शेरकोटसह अनेक ठिकाणी छापे पडले होते. मलाही असा ब्रश दाखवला गेला होता आणि मी तो काउंटरवरच ठेवून आलो.

रिगर घेताना या वेळी दुकानातच पाणी मागितले. नव्या ब्रशचे टोक गोंदाने ताठ केलेले असते, त्यामुळे कोरडे टोक पाहून काहीच कळत नाही. गोंद धुऊन, मनगट झटकून टोक जुळते का ते पाहावे लागते. दुकानदाराने नाखुशीने चहाच्या पेल्यात पाणी दिले. पहिल्या दोन रिगरांची टोके दुभंगली, तिसरा घेतला.

कोलिन्स्की आता आडवा असतो आणि घट्टही आहे. घाईत चिकटवताना दांडा अर्धा वळसा फिरलेला राहिला, त्यामुळे फेरूलवरचे नाव वर आले की दांड्यावरचा आठ खाली जातो. राउंडचे त्याने काही बिघडत नाही, पण रंगवायला बसलो की एकदा तरी मी तो आठ शोधतो.