आरसी-५०० आणि आरसी-५ एका लयीत : काही महिन्यांच्या वापरानंतर

आवाजासाठी बॉस कंपनीचा आरसी-५०० हा लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने चालवायचं पेडल), गिटारसाठी आरसी-५ हा दुसरा लूपर आणि दोघांना लय द्यायला मिडी आउट (वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायची जोडणी) असलेलं एक छोटं ड्रम मशीन. एकट्याने स्टेजवर वाजवण्यासाठी ही जोडणी आता बरेच महिने वापरात आहे. दोन्ही लूपर २०२० मध्ये आले आणि प्रत्येकाचं वेगवेगळं कौतुक भरपूर झालंय. दोघांना एकत्र नांदवायचं कसं, हे मात्र फारसं कुणी नीट लिहीत नाही, म्हणून हा अनुभव.

केबल न जोडता, नुसत्या पायाने दोन लूप जुळवायचा प्रयत्न करू नका. ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा) चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे १६ मात्रा, बरोबर १० सेकंद. दुसऱ्या पेडलवर लूप बंद करताना पाय फक्त ३० मिलिसेकंद उशिरा पडला, तर तो लूप १०.०३ सेकंदांचा होतो. पहिल्या फेरीत ते कानाला कळतही नाही. पण फरक प्रत्येक फेरीत साठत जातो आणि दहाव्या फेरीला ३०० मिलिसेकंद होतो. एक मात्राच ६२५ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मात्रेने दोन्ही लूप सुटलेले असतात, तेही दोन मिनिटांच्या आत. बरेच जण दोष पेडलमधल्या क्रिस्टलला, म्हणजे आतल्या घड्याळाला देतात. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ४० चा फरक धरला, तरी चार मिनिटांत जेमतेम १० मिलिसेकंद होतात. खरा घोटाळा पायाचाच असतो.

म्हणून मिडी क्लॉक, म्हणजे एका यंत्राने बाकीच्यांना वायरीतून पाठवलेले लयीचे ठोके. १९८३ पासून तोच नियम आहे : प्रत्येक मात्रेला २४ ठोके. ९६ बीपीएमला दर २६ मिलिसेकंदांनी एक ठोका येतो. या ठोक्यांतून लय कळते, सम कळत नाही. सम कुठे आहे हे सांगतो तो वेगळा ‘स्टार्ट’ संदेश. नव्वद टक्के तक्रारी इथेच उगवतात : दोन्ही पेडलवर बीपीएम अगदी सारखा दिसतो, पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर पडते.

जोडणी अशी आहे. ड्रम मशीनचा ५ पिनांचा मिडी आउट मिडी सोल्यूशन्सच्या क्वाड्रा थ्रूमध्ये जातो. ही एक इनपुट, चार आउटपुटची डबी मिडीच्याच विजेवर चालते, विजेचा वेगळा अ‍ॅडाप्टर लागत नाही. (३.५ मिमी मिडी आउट असलेली काही यंत्रं तिला पुरेशी वीज देत नाहीत, तेव्हा घेण्याआधी लावून बघा.) तिच्यातून एक वायर आरसी-५०० ला, एक आरसी-५ ला, एक डिलेला (प्रतिध्वनी देणारं पेडल). दोन्ही लूपरांचा मिडी सॉकेट ३.५ मिमीचा, टाइप ए (ए आणि बी या आतल्या वायरींच्या दोन मांडण्या). २०१८ मध्ये टाइप ए हेच प्रमाण ठरलं, पण आर्ट्युरिया आणि नोव्हेशनची आधीची काही यंत्रं टाइप बी आहेत. ५ पिनांवरून ३.५ मिमीवर नेणारा अ‍ॅडाप्टर चुकीच्या प्रकारचा असेल तर काहीही बिघडत नाही, फक्त पेडल ढिम्म बसतं आणि माणूस तासभर मेनू चाळत राहतो. केबल तीन कड्यांची, म्हणजे स्टिरिओच हवी.

दोन्ही लूपरांत सिंक क्लॉक ‘ऑटो’वर ठेवा. मिडी येत असेल तर ते त्याला धरतात, नसेल तर स्वतःच्या लयीवर चालतात, त्यामुळे आधीच्या मेमरी-स्लॉटमधलं एकट्या पेडलवरचं गाणंही त्याच सेटिंगवर वाजतं. क्लॉक आउट दोन्हीकडे बंद. मालक एकच हवा, दुसरा कुणी क्लॉक पाठवू लागला की लय थरथरते. स्टार्ट सिंक ‘ऱ्हिदम’वर आणि ऱ्हिदमची लेव्हल शून्य. ऐकू न येणारा हा ऱ्हिदम ड्रम मशीनच्या ‘स्टार्ट’बरोबर सुरू होतो आणि पेडलला बारच्या रेघा आखून देतो. मग क्वांटाइझ (रेकॉर्डिंग रेघेला चिकटवणारं सेटिंग) ‘मेझर’वर, म्हणजे पूर्ण बारवर ठेवलं की पाय थोडा आधी पडला तरी रेकॉर्डिंग पुढच्या समेवरच सुरू होतं.

यात सवयीचा भाग मोठा आहे. पाय मारल्यावर दिवा लुकलुकतो, रेकॉर्ड लगेच होत नाही. नवखा माणूस घाबरून पुन्हा दाबतो आणि पेडल भलत्याच अवस्थेत जातं. एकदाच दाबायचं, शेवटच्या दोन मात्रांत दाबायचं आणि पाय उचलून बाजूला ठेवायचा. ड्रम मशीन थांबलेलं असताना पहिला लूप रेकॉर्ड केलात, तर त्या लूपला रेघाच मिळत नाहीत आणि नंतर काही केल्या तो जुळत नाही. आधी प्ले, मग लूप, हा क्रम मोडू नका.

तालाचं सेटिंग आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांनी विशेष बघावं. पेडल ४/४ वर राहिलं आणि रूपकच्या सात मात्रा वाजवल्या, तर क्वांटाइझ आठवी मात्रा चिकटवून देतं. रूपकला ७/४ ठेवा, झपतालाला ५/४ चे दोन बार, दादऱ्याला ३/४ चे दोन. ड्रम मशीनवरही तेवढ्याच मात्रांचा पॅटर्न हवा. तानपुऱ्याचा सूर आरसी-५०० च्या एका ट्रॅकवर धरणार असाल, तर त्या ट्रॅकचं लूप सिंक आणि टेम्पो सिंक (ट्रॅकला बाकीच्यांच्या लूपशी आणि लयीशी बांधणारी सेटिंग्ज) दोन्ही बंद करा. त्या सुराला सम नसते. सिंक चालू ठेवलं की लय बदलताना सूर ताणला जातो आणि खर्जात एक घरघर येते.

लय वाढवणं जमतं, पण मर्यादेत. दोन-चार बीपीएमपर्यंत गिटार बरी राहते, आवाज आधी बिघडतो : ‘स’ आणि ‘श’ची किनार फाटते. द्रुत हवी असेल तर नवा लूप घ्या.

क्लॉक खराब आहे की नाही हे लूपवरून पटकन कळत नाही, डिलेवरून कळतं. क्लॉकवर बांधलेल्या डिलेच्या शेपटीत सूर हलकासा डुलू लागला, तर ठोके असमान येताहेत. लॅपटॉपच्या यूएसबीवरून क्लॉक घेतल्यावर हे जास्त ऐकू येतं, शिवाय चार्जर लावला की हमही (सततची गुणगुण) येतो. लॅपटॉप काढला की दोन्ही प्रश्न एकदम जातात.

ऑडिओची वाट वेगळी ठेवणं तितकंच महत्त्वाचं. आरसी-५ चं आउटपुट आरसी-५०० मध्ये घातलंत, तर आवाजाच्या लूपमध्ये गिटारचा लूपही छापला जातो आणि नंतर गिटार थांबवली तरी थांबत नाही. दोन्ही पेडलं मिक्सरवर वेगळ्या चॅनलला द्या. माइकसमोर मॉनिटर असेल तर तोच घोळ हवेतून होतो. मॉनिटर तीन मीटरवर असेल तर आवाज ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि १७ मीटरवरच्या भिंतीवरून परत येणारा आवाज १०० मिलिसेकंद मागे असतो. ते माइकमध्ये शिरलं की लूप सिंकमध्ये असूनही फिसकटल्यासारखा वाटतो. इअरफोनवर ऐकून गायलं की हा त्रास संपतो.

वीज देताना पॉवर सप्लायचं १०० मिलिअँपिअरचं आउटपुट या लूपरांना पुरत नाही. त्यावर लावलं की पेडल मध्येच रीस्टार्ट होतं आणि क्लॉक तुटतं.

घेण्याचा विचार असेल तर स्पष्ट सांगतो : आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याने दोन पेडलं घेऊ नयेत. आरसी-६०० या बॉसच्याच लूपरमध्ये सहा ट्रॅक एकाच क्लॉकवर चालतात, वर लिहिलेल्यातलं अर्धं करावंच लागत नाही. आरसी-५ आधीपासून घरात असेल, किंवा गिटारचे नेहमीचे इफेक्ट आणि लूप आवाजापासून पूर्ण वेगळे ठेवायचे असतील, तर दुसऱ्या पेडलवर, क्वाड्रा थ्रूवर आणि तीन चांगल्या केबलींवर खर्च करा. जादा टाइप ए अ‍ॅडाप्टर एक पिशवीत असू द्या. स्टेजवर सगळ्यात आधी तोच दगा देतो.