टिळकवाडीतले फ्रिजवाले मामा : पाचपैकी चार

पाडव्याला बारा दिवस उरलेले. चक्क्याच्या ऑर्डरी घेऊन बसलेले, आणि फ्रिज थंड होईना. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. घरगुती श्रीखंड करून विकते, म्हणजे फ्रिज बंद म्हणजे धंदा बंद. दोनच महिन्यांपूर्वी एकजण येऊन "गॅस संपलाय" म्हणून बाराशे रुपयांत भरून गेला होता. त्याचं नाव इथं घेत नाही. पण तो अर्ध्या तासात निघाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग शेजारणीनं टिळकवाडीतल्या ह्या मामांचा नंबर दिला. पहिले दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उचलला आणि संध्याकाळी पाचला येतो म्हणून साडेसातला आले. गेटात अडकलो म्हणाले. टिळकवाडीचं रेल्वे गेट माहीत असलेला माणूस यावर वाद घालत नाही.

आल्या आल्या फ्रिज पुढं ओढला, मागं बॅटरी मारून कंप्रेसरवरचा स्टिकर वाचला. मग गेज लावलं आणि कपाळाला हात.

"वैनी, ह्यात १३४ कोण घातलाय? हा ६००चा फ्रिज आहे की." १३४ आणि ६०० ही फ्रिजमधल्या गॅसची नावं.

आमच्या मुलाची वकिलीची परीक्षा चालू होती, पर्यावरण कायद्याचा पेपर दोन दिवसांवर. तो आतून ओरडला, "मॉन्ट्रियल, १६ सप्टेंबर १९८७!" मामांनी वळूनही बघितलं नाही. त्यांना ते साल ठाऊक नसावं, पण ओझोन वाचवायच्या त्या करारानं काय केलं ते त्यांच्या हातांना पाठ आहे. सासूबाईंचा पहिला फ्रिज १९८८चा, त्यात आर-१२ नावाचा गॅस होता. तो वर जाऊन ओझोन खातो म्हणून जगानं बंद करायचं ठरवलं. भारत १९९२ साली करारात आला आणि २०१० पर्यंत तो गॅस आपल्याकडं बंद झाला. २००३ साली आम्ही दुसरा फ्रिज घेतला तो १३४एचा. हा ओझोनला काही करत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. म्हणून २०१६ साली किगालीत त्याच करारात दुरुस्ती झाली, भारतानं ती २०२१ साली मान्य केली, आणि आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. आताचा फ्रिज ६००एचा, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ. पन्नासेक ग्रॅममध्ये काम भागतं, हवेला जवळपास काही होत नाही, फक्त पेट घेतो. एकाच घरातले तीन फ्रिज, आणि मुलाचं अर्धं प्रकरण त्यात बसलं.

तर आधीच्या माणसानं ६००च्या जागी १३४ कोंबला होता. दाब वेगळा, कंप्रेसरमधलं तेल वेगळं. म्हणून कंप्रेसर तापून घरघरत होता आणि चक्का आंबत होता.

मामांनी तो चुकीचा गॅस खिडकीतून सोडून दिला नाही, हे मला सर्वांत आवडलं. एक छोटं मशीन लावून वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, वर खडूनं 'मिक्स' लिहिलेलं. मुलगा लगेच हिशेब करायला बसला. समजा १०० ग्रॅम सुटला असता, तर तो १४३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणजे साधारण ६२ लिटर पेट्रोल, म्हणजे स्कूटरवरून पुण्याला जाऊन-येऊन चार खेपा. बसल्या जागी.

"ह्या मिक्सचं पुढं काय करता?" मी विचारलं.

"काय करणार वैनी. असले दोन भरून ठेवलोय. न्यायला कोण येईनात."

१९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखाली २०००चे ओझोनचे नियम, सगळं मुलाच्या नोट्समध्ये लाल पेनानं अधोरेखित आहे. मामांचे दोन सिलिंडर मात्र दुकानाच्या कोपऱ्यात.

पुढचं काम सावकाश झालं. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला, तेव्हा मागच्या नळीच्या वळणाला बारीक बुडबुडा दिसला. खरा दोष तिथं होता, आणि आधीच्या माणसानं तो शोधलाच नव्हता. ब्रेझिंगच्या, म्हणजे नळी तापवून सांधायच्या, आधी शेगडी बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि मग हुकूम: "देवासमोरची समई बाहेर न्या." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. समई परसात तुळशीजवळ गेली, आणि त्या तिच्याजवळ पाट मांडून साडेनऊपर्यंत बसून राहिल्या. पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढणं, मग छोट्या वजनकाट्यावर मोजून गॅस. मामांजवळ नवीन फिल्टर ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारा भाग, होता, तोही बदलला.

एकूण २६०० रुपये आणि येण्याचे १५०. सहा महिन्यांची गॅरंटी. बिल कन्नडमध्ये छापलेलं, त्यावर मराठीत लिहिलं, "६००ए घातलाय, दुसरा घालू नये". मी ते फ्रिजच्या मागंच चिकटवलं.

एक गुण कापला तो फोन आणि वेळेसाठी. शिवाय जाताना तांब्याच्या नळीचे तुकडे ओट्याखाली तसेच सोडून गेले, सकाळी माझ्या पायाला लागले. फोन करायचा तर दहाच्या आत करा, नंतर ते कुठल्या तरी फ्रिजच्या मागं असतात. फोन केलात की कंप्रेसरवरच्या स्टिकरचा फोटो आधी पाठवा, नाहीतर सिलिंडर आणायला परत जातात आणि मग गेट लागतं.

पाडव्याला बावीस किलो श्रीखंड गेलं.