ऑस्टिनमधलं नवं टॅको-अंगण: वसंतापासून थंडीपर्यंतचा अनुभव

दक्षिण ऑस्टिनमध्ये वसंतात सुरू झालेलं हे मेक्सिकन ठिकाण पूर्ण उघड्यावर आहे. खडी टाकलेलं अंगण, लाइव्ह ओकच्या झाडांखाली लाकडी बाकं, एका कडेला ट्रेलरमधलं स्वयंपाकघर, समोर बार. छप्पर फक्त बारवर. टेक्सासचा उन्हाळा आणि आता उत्तरेचा वारा, दोन्ही पाहून मत पक्कं झालंय: टॅको शहरातल्या चांगल्यांपैकी आहेत, पण इथे काय आणि किती मागवायचं ते मेनू बघून नाही, हवा बघून ठरवायचं. एकदम डझनभर टॅको घेऊन गप्पांना बसलात तर चवीचा निम्मा भाग वाऱ्यावर गेला म्हणून समजा.

त्याचं मूळ टॉर्टियात, म्हणजे टॅकोच्या मक्याच्या पोळीत आहे. इथे तयार पीठ वापरत नाहीत. मक्याचे सुके दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात (दाण्यांच्या वजनाच्या साधारण 1 टक्का चुना), रात्रभर तसेच मुरू देतात, सकाळी धुऊन दळतात. चुना म्हणजे पानाला लावतात तोच, विझवलेला. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ बांधलं जातं आणि खऱ्या टॉर्टियाचा तो खमंग वास येतो. चुन्याशिवाय दळलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा प्रेसमध्ये दाबला की कडेने फाटतो. गोळा 25 ते 30 ग्रॅमचा, टॉर्टिया साधारण 12 सेंटिमीटरचा. कोमालवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर, पहिली बाजू जेमतेम 20 सेकंद, दुसरी मिनिटभर, मग परत उलटला की टम्म फुगतो. फुगला नाही तर पीठ कोरडं पडलंय किंवा तवा थंड आहे.

आणि भाकरीसारखंच याचंही आहे: गरम असेतो मऊ, गार झाला की घडीवर तडकतो. बंद खोलीत पाच-सहा मिनिटं तग धरतो, इथल्या वाऱ्यात दोन. म्हणून दोघांत चार टॅको घ्या, ते संपवा, मग पुन्हा रांगेत जा. ट्रेलरच्या खिडकीजवळची बाकं धुरकट असतात म्हणून लोक टाळतात. टॅकोसाठी मात्र तीच सगळ्यात चांगली. रस्सेदार सारण असेल तर दोन टॉर्टिया मागा, जास्तीचे पैसे लागत नाहीत.

अल पास्तोर हा इथला मुख्य टॅको. डुकराचं मांस सुक्या मिरच्या, आचिओते (लाल रंग देणाऱ्या बिया) आणि अननसाच्या मसाल्यात मुरवून उभ्या सळईवर रचतात आणि गॅसच्या आचेसमोर फिरवत ठेवतात. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून हा प्रकार निघाला, हे सळई बघितल्यावर सांगावं लागत नाही. उघड्यावर अडचण एकच, वारा. ज्योत हलली की बाहेरचा थर करपण्याऐवजी नुसता शिजतो आणि मांसाला पाणी सुटतं. अशा दिवशी आचारी कापलेले तुकडे तव्यावर परततात. खायला वाईट नाहीत, पण कडा कुरकुरीत राहत नाहीत. सळईला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा असता तर हे टळलं असतं. इथे एकाच बाजूला आहे. वेळेचंही गणित आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना बाहेरचा थर वाळत जातो, रात्री आठच्या गर्दीत तो खरपूस व्हायच्या आतच कापला जातो. संध्याकाळी सहा ते सातच्या मध्ये पोचलात तर जमून येतं. सुरी उभ्या सळईवरून खाली सरकते तेव्हा तुकडे बोटाच्या पेराएवढे आणि पातळ पडायला हवेत. जाड फोडी पडताना दिसल्या तर त्या वेळी सुआदेरो घ्या. ते गोमांस आहे, चरबीत हळूहळू शिजवलेलं, त्यामुळे वाऱ्यातही कोरडं पडत नाही.

शाकाहारी लोकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. घोटलेल्या राजम्यात मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी असते. लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. आणि भाज्याही मांसाच्याच तव्यावर परततात. सांगितलं तर वेगळा तवा घेतात, दहा मिनिटं जास्त लागतात. भाजलेल्या पोब्लानो मिरच्यांचा क्रीममधला राहास टॅको सगळ्यात भरवशाचा. निवडुंगाचा नोपालेस मात्र बऱ्याचदा बुळबुळीत राहतो, तवा पुरेसा तापलेला नसतो.

साल्सा, म्हणजे त्यांच्या चटण्या, चार प्रकारचे. ठेच्याची सवय असलेल्याने चिले दे आर्बोल या तिखट मिरचीच्या साल्सापासून सुरुवात करावी, तोमातियोचा (टोमॅटोसारख्या हिरव्या फळाचा) साल्सा आंबट आणि सौम्य आहे. हाबानेरो मिरचीचा तिखटपणा उशिरा चढतो, थेंबाथेंबाने घ्या. तक्रार बाटल्यांबद्दल आहे. कापलेल्या टोमॅटोचा साल्सा 5 अंशांखाली राहायला हवा, आणि उन्हाळ्यात बाटल्या टेबलावर तशाच उभ्या. खिडकीत मागितलं तर बर्फावरच्या डब्यातून वाटी भरून देतात. मागाच.

आता कॉकटेल. मार्गारिटाचं सर्वमान्य प्रमाण टकीला 50 मिली, ट्रिपल सेक (संत्र्याची गोड दारू) 20, लिंबाचा रस 15. इथले बारटेंडर लिंबू थोडं जास्त घालतात आणि वर अगावेचा (टकीला ज्यापासून बनते त्या वनस्पतीचा) पाक. उन्हात ते बरंच लागतं. रस ताजा असतो, ही बारची जमेची बाजू. हॅपी अवरमध्ये मात्र टकीला कोणती ते विचारा. बाटलीवर '100 टक्के अगावे' लिहिलेलं नसेल तर त्यात अगावेची साखर 51 टक्क्यांइतकी कमीही असू शकते, बाकीची दुसरीच. मीठ अर्ध्याच काठाला लावायला सांगा, म्हणजे घोट खारट घ्यायचा की नाही ते आपल्या हातात राहतं.

फ्रोझन मार्गारिटाचं यंत्र ही टेक्सासचीच देणगी. 1971 साली डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्ट सर्व्ह आइसक्रीमच्या मशीनमध्ये ती फिरवली. ते मशीन आता स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पण यंत्राच्या अटी असतात. साखर कमी पडली तर मिश्रण दगडासारखं गोठतं, दारू जास्त झाली तर गोठतच नाही. त्यामुळे ते गोड आणि हलकंच असणार, त्यात बारवाल्याची लबाडी शोधू नये. 38 अंशांच्या दुपारी साध्या मार्गारिटातला बर्फ दहा मिनिटांत पाणी होतो, तेव्हा एकतर हे घ्या किंवा रँच वॉटर: टकीला, लिंबू आणि वरून टोपो चिको सोडा. त्यात बर्फ वितळला तरी फारसं बिघडत नाही. पालोमा ठीक, ग्रेपफ्रूटचा सोडा जरा गोड आहे. मेस्काल, म्हणजे अगावेचीच धुरकट दारू, नुसताच प्या, कॉकटेलमध्ये त्याचा धूर वाया जातो. सोबत संत्र्याची फोड आणि लालसर मीठ येतं. त्या मिठात अगावेवरच्या अळ्या वाळवून कुटलेल्या असतात, हे शाकाहारी मंडळींना आधी सांगून ठेवा.

बार आणि खिडकी यांच्या रांगा वेगळ्या आहेत, म्हणून दोघांनी एकेक धरावी. ओळखपत्र सगळ्यांना मागतात, भारतातून आलेल्या सत्तरीच्या आजोबांनाही. पासपोर्ट चालतो, फोनमधला त्याचा फोटो चालत नाही. किमतीवर 8.25 टक्के कर आणि पैसे देताना पडद्यावर टिपचे आकडे 18 टक्क्यांपासून पुढे. आपला ट्रे आपणच उचलायचा असताना 18 सुद्धा मला जास्त वाटतात, पण गर्दीच्या रात्री बारवर मी तेवढे देतोच.

ग्रॅकल पक्ष्यांपासून सावध. काळे, चकाकते, लांब शेपटीचे. बाकावरून उठलात की चिप्स गेल्या. थंडीत गॅसचे हीटर लावतात, ते डोकं तापवतात आणि टॅको गारच राहतात. तेव्हा बिरिया (रश्शात शिजवलेलं मांस) घ्या, सोबतचा गरम रस्सा बुडवून खायला कामी येतो.

टॅको बांधून नेऊ नका, गाडीत वाफेने त्यांचा लगदा होतो. त्यापेक्षा खिडकीत टॉर्टिया डझनाने मिळतात ते न्या. घरी लोखंडी तवा चांगला तापवा, टॉर्टियाला ओला हात लावून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भाजा आणि लगेच फडक्यात गुंडाळा. फ्रीजमध्ये तीन दिवस ठीक राहतात, चौथ्या दिवशी चिप्स तळून टाका.