पडवीची ओल: वरून, खालून, बाजूने की हवेतून?

ऑगस्टात पडवीच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले की गवंडी म्हणतो स्लॅब गळतोय, रंगाच्या दुकानातला म्हणतो वॉटरप्रूफ मारून टाका, आणि शेजारचे काका म्हणतात, कोकणातलं घर आहे, ओल असायचीच. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, भिंती चिऱ्याच्या, पुढच्या पडवीवर मागाहून टाकलेला स्लॅब. मी गवंड्याचं ऐकलं आणि स्लॅबवर नवा कोबा (सिमेंटचा पक्का थर) करून घेतला. पुढच्या पावसात ओल त्याच जागी हजर, गुडघ्याच्या उंचीवर. गुडघ्याच्या! वरचं पाणी मधली सगळी भिंत कोरडी ठेवून गुडघ्याशी कशाला थांबेल, हे तेव्हा सुचलं नाही.

म्हणून पहिल्यांदा उंची बघा. जमिनीतून चढणारी ओल लादीपासून सुरू होते आणि साधारण कंबरेपर्यंत जाऊन थांबते. वरची कड वेडीवाकडी असते, तिथे पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) फुलतो आणि बोट लावलं की गिलावा भुरभुरतो. स्लॅबच्या गळतीचा डाग छतावर किंवा वरच्या कोपऱ्यात, कडेला पिवळट-तपकिरी वळ असलेला. पावसाची झड असेल तर वाऱ्याकडची बाजू तेवढी भिजते. आमच्याकडे नैऋत्येचा वारा, म्हणजे पश्चिमेचा खांब आणि त्यालगतची भिंत. हवेतल्या दमटपणाला मात्र अशी कड नसते. चपलांच्या कपाटामागे, कोपऱ्यात, जिथे वारा फिरत नाही तिथे काळे ठिपके विखुरलेले दिसतात.

मग वेळ. गळती जोराच्या सरीनंतर काही तासांत दिसते आणि चार दिवस ऊन पडलं की फिकी होते. खालून आलेली ओल दिवाळी झाली तरी हलत नाही. दमट हवेला तर पाऊसही लागत नाही. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २७ अंशांच्या लादीलाही घाम फुटतो. रात्रभर गार झालेल्या कोटा फरशीवर सकाळी पावलं उमटतात ती यामुळे. इथे एक घोळ आहे. भिंतीत क्षार असतील (खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर असतातच) तर ते हवेतलंच पाणी ओढतात. ढगाळ दिवशी भिंत ओली, उन्हात कोरडी, आणि आपण पाण्याचा पाइप शोधत बसतो.

भिंत की हवा, एवढं ठरवायला प्लास्टिक पुरतं. फूटभर चौरस जाड तुकडा डागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस थांबा. पाणी आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतलं; बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतलं. वरचं की खालचं, हे मात्र यातून कळत नाही. कठड्याच्या सांध्यातून शिरलेलं पाणी भिंतीच्या पोटातून उतरून खालीच दिसू शकतं, त्यामुळे उंचीचा नियमही कधीकधी फसतो.

तेव्हा स्लॅबवर पाणी साठवून बघायचं. उघडीप असताना निचऱ्याचं भोक बुजवून, कडेने बांध घालून दोन इंच पाणी एक-दोन दिवस ठेवायचं. खाली टिपूस नाही, तर दोष स्लॅबचा नाही. पण दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो ओझं. सळ्या उघड्या पडलेल्या, खपल्या सुटणाऱ्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग नको.

खर्चाच्या बाबतीत चौघांत जमीन-अस्मानाचा फरक. हवेचं दुखणं जवळजवळ फुकट बरं होतं. हल्ली पडवीला काचा लावतात आणि आत कपडे वाळत घालतात. एका बादलीच्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्या बंद हवेत जातं. काचा उघडा, दोरी हलवा. बुरशीवर ब्लीचचा थेंब टाकला तर ती मिनिटा-दोन मिनिटांत फिकी होते, साधा मळ तसाच राहतो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. झडीला पुढे आलेला पत्रा किंवा ताडपत्री पुरते. स्लॅबला ढाळ, कठड्याशी सांध्यात सिमेंटची गोलसर वाटा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच, म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं, खालून सरकत भिंतीपर्यंत येत नाही. ही खाच विसरली जाते, आणि मग अख्ख्या कोब्याचे पैसे मोजावे लागतात.

खालून येणारी ओल सगळ्यांत चिवट. आमच्याकडे कारण अंगणात निघालं: पेव्हर ब्लॉक टाकताना अंगण चार इंच वर आलं आणि ढाळ घराकडे झाला. अंगण जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली हवं, आणि पागोळ्यांना पन्हळ हवी, नाहीतर उडणारं पाणी रोज भिंत भिजवतं. या ओलीवर वॉटरप्रूफ रंग हा सगळ्यांत वाईट उपाय. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं. भिंतीत भोकं पाडून औषध भरणारेही येतात. चिऱ्याला जागोजागी पोकळ्या असतात, औषध नेमकं कुठे मुरलं ते सांगता येत नाही, मी तरी त्या वाटेला गेलो नाही. डागाच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला.

एवढं करूनही नक्की ठरत नसेल तर आधी स्वस्त ते करा: कपडे, पन्हळ, अंगणाचा ढाळ. एक पावसाळा बघा, मगच स्लॅबला हात लावा. वाळायलाही वेळ द्या. जाडीच्या दर इंचाला एक महिना हा ढोबळ हिशोब, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने.

आमच्या भिंतीवर ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितो. आतापर्यंत चार झाल्या, शेवटची पहिलीपेक्षा वीतभर खाली आहे. रंग अजून लावलेला नाही. पाहुण्यांनी विचारलं की आई त्यांना तारखा वाचून दाखवते.