काळी दारू आणि .५०० ची दुनळी एक्स्प्रेस रायफल: सात महिने, अडीचशे बार

रायफल ठेवणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या महिन्यात ती विकायचा विचार एकदा आला होता. तो का आला आणि का गेला, तेच इथे लिहितोय.

बंदूक बर्मिंगहॅमची, १८८० च्या दशकातली. .५०० ब्लॅक पावडर एक्स्प्रेस, म्हणजे काळ्या, धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूवर चालणारी; काडतुसाची केस, म्हणजे पितळी कवच, तीन इंची. घोडे बाहेर, चाप दोन: पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उघडायला खाली फिरता दांडा आहे. हेन्री जोन्सने १८५९ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत सावकाश चालते, पण इतक्या वर्षांनीही सांध्यात खडखड नाही. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के आहेत आणि त्यांत नायट्रोचा शिक्का नाही. म्हणजे या नळ्यांत काळी दारूच जायची, आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नाही. घेण्याआधी जुन्या इंग्लिश बंदुका जाणणाऱ्या कारागिराकडून नळ्यांची जाडी, आतले खड्डे आणि सांधे तपासून घेतले. पैसे देण्यापूर्वी एवढं कराच.

‘एक्स्प्रेस’ हे नाव आगगाडीवरून आलं. लंडनचे बंदूककार पर्डी यांनी १८५६ मध्ये आपल्या रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ म्हटलं आणि पुढे तो शब्द अशा सगळ्याच रायफलींना चिकटला. दारू भरपूर, गोळी हलकी, म्हणून वेग जास्त आणि मार्ग सपाट. त्या काळच्या ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ८५ ग्रेन (ग्रेन हे दारू-गोळीचं बारीक वजनमाप) दारूपुढे ४८० ग्रेनची गोळी असे. या .५०० मध्ये ठरलेला भार पाच ड्रॅम, म्हणजे सुमारे १३६ ग्रेन दारू, आणि गोळी ३४० ग्रेनची, टोकाला पोकळ. अशा रायफली मध्य प्रांतातल्या सागाच्या जंगलांत वाघामागे हिंडल्या. मला शिकारीची ओढ नाही. मी इथे ओहायोत कागदाच्या निशाणावर, पन्नास आणि शंभर यार्डांवर ती चालवतो.

आता मूळ अडचण. दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर नसतात. मागून पुढे जाताना त्या किंचित एकमेकींकडे झुकवून डाखलेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्क्याने बंदूक वर आणि उजवीकडे फिरते, डावी उडाली की डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ही हालचाल सुरू झालेली असते. कारागीर गोळ्या झाडून, नळ्यांमधली पाचर सरकवून, ती हालचाल आणि नळ्यांचा झुकाव यांचा मेळ बसवत असे, तोही एकाच भारासाठी. दारू कमी पडली की गोळी नळीत जास्त वेळ राहते, बंदूक जास्त फिरते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे पडते. वेग फार वाढला तर उलट, गोळ्या एकमेकींना ओलांडतात.

माझ्या रायफलीबरोबर मूळ पेटी नव्हती. पेटीच्या झाकणात भाराचं लेबल चिकटवलेलं असायचं, तेही गेलं. मग मी ‘जुनी बंदूक आहे, हळू घेऊ’ म्हणून जाड दाण्याची १२० ग्रेन दारू भरली. पन्नास यार्डांवर दोन नळ्यांच्या गोळ्यांत नऊ इंचांचं अंतर पडलं, आणि दोन्ही उंच. बंदुकीचा यात काडीचा दोष नव्हता. तिला हवा तो भार मी तिला दिलाच नव्हता. हे कळायला मला सहा आठवडे लागले, आणि विकायचा विचार आला तो याच दिवसांत.

त्यात गोळ्यांनी घोळ वाढवला. पहिल्या विक्रेत्याने .५१० म्हणून पाठवलेल्या गोळ्या मायक्रोमीटरवर .५०६ भरल्या. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढल्यावर आट्यांचं, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचं, माप .५१० इंच आलं. त्या बारीक गोळ्यांच्या कडेने गरम वायू निसटत होता आणि आट्यांत शिसं चिकटत होतं. पहिली शंभर काडतुसं यातच गेली. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी नळी मोजा.

बदल घडवला तो ड्रॉप ट्यूबने. तीस इंच लांबीची साधी पितळी नळी, वर नरसाळं. तिच्यातून दारू सावकाश सोडली की दाणे एकमेकांत बसत खाली जातात. आजची पितळी केस जुन्यापेक्षा जाड असल्याने आत जागा कमी, त्यामुळे नुसती ओतली तर १३६ ग्रेन मावतच नाही. ट्यूबमधून सोडली, वर जाड पुठ्ठ्याची चकती (वॅड) ठेवून थोडी दाबली, की मावते. काळ्या दारूत पोकळी नको, हा पहिला नियम. दारू आणि गोळी यांच्यात हवा राहिली तर नळी फुगू शकते.

आजोळी कुडाळकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. मामा बार भरताना दारूवर काथ्या घालून गजाने ठोकायचा आणि म्हणायचा, “सैल रवाक नको.” मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आता इथल्या तळघरात दांडा दाबताना ते शब्द दर वेळी कानात येतात. काडतूस असो की ठासणी, दारूचा स्वभाव एकच.

दारूबद्दल थोडं. लुइझियानातला गोएक्स या काळ्या दारूच्या कंपनीचा कारखाना बंद होत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. पुढे एस्टेस या कंपनीने तो घेतला, पण मधल्या काळात माल मिळवणं कठीण झालं होतं आणि तेव्हापासून मी स्विस कंपनीची दीड एफ (दाण्याच्या जाडीची प्रत) दारू वापरायला लागलो. ती महाग आहे, पण एकसारखी जळते आणि मागे राहणारी काजळी मऊ असते. एका पौंडात जेमतेम एक्कावन्न बार होतात. पाच डबे संपले, सहावा चालू आहे. घातक मालाच्या वाहतुकीचं शुल्क वेगळं लागतं, म्हणून आम्ही तिघं मिळून मागवतो. ज्या मजल्यावर शेगडी, त्या मजल्यावर दारू नाही, हा घरचा नियम.

पूर्ण १३६ ग्रेन आणि नीट मापाच्या ३४० ग्रेनच्या गोळ्या घेऊन चौथ्या महिन्यात गेलो. उजवी, डावी, उजवी, डावी. धूर विरायला दर वेळी अर्धा मिनिट. निशाणाजवळ गेलो तर चारही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली. त्यानंतर शंभर यार्डांवर चार इंचांच्या आसपास जोड पडते आहे, आणि उघड्या साइटवर माझ्या डोळ्यांना याहून जास्त नको.

काजळीचा त्रास आहेच. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन रूपात मागे राहतो. सहाव्या-सातव्या बारानंतर काडतूस आत जाताना अडायला लागलं, तेव्हा गोळीखालची मेणाची चकती जाड केली आणि दोन बारांमध्ये नळीत फुंकर मारायची सवय लावली. श्वासातला ओलावा काजळी मऊ ठेवतो. आता वीस बार सलग होतात.

साफसफाई त्याच संध्याकाळी. गरम पाणी, थोडा साबण, मग कोरडं कापड. पाणी पडताच दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी अंगणात येतो तोच गंधकाचा वास. रिकामी पितळं रेंजवरच साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकतो, नाहीतर ती हिरवी पडतात. जुलैमध्ये एकदा दमून सकाळवर ढकललं. डाव्या नळीत तांबूस ठिपके उठले. घासून गेले, पण दोन जागी बोट फिरवल्यासारखी खूण राहिली आहे. ती दिसली की अजून वाईट वाटतं, कारण माझ्या आधी चार-पाच पिढ्यांनी ती नळी जपली होती.

खांद्याला धक्का किती बसतो, असं बरेच जण विचारतात. बंदूक नऊ पौंडांची, धक्का ढकलल्यासारखा, टोचणारा नाही. दोन्ही घोडे मात्र एकदम चढवत नाही. उजवीच्या धक्क्याने डावी उडण्याची शक्यता असते.

एक भाग कथिलाला वीस भाग शिसं, अशा मिश्रणाच्या गोळ्या ओतायला साचा मागवला आहे. त्यांवर कागद गुंडाळून पाहायचं आहे, जुन्या पद्धतीने. साचा यायला तीन आठवडे आहेत. तोवर सोळा काडतुसं भरून ठेवली आहेत, आठ उजवीची, आठ डावीची.